दोन शब्दांएवढी जागा

कोणी खोकलं नाही, कोणाचं मूल रडलं नाही, मागच्या बाकावरून कोणाची काठी घसरून पडली नाही. दर रविवारी ती जागा झाकायला काही ना काही धावून यायचं. त्या रविवारी सगळ्यांनी मिळून दगा दिला, आणि नव्या स्पीकरांतून नुसती घूं अशी घरघर तेवढी ऐकू आली. दोन शब्दांएवढी. मग तिचाच आवाज, चारही कोपऱ्यांतून, तिच्यापेक्षा मोठा होऊन पुढची ओळ म्हणू लागला आणि मंडळी त्याच्यामागून निघाली. एक्केचाळीस वर्षं ती या चर्चमध्ये मतांगीकार सांगत आली होती. प्रवचन संपलं की पाळकसाहेब खाली बसत, ती डावीकडच्या छोट्या चौथऱ्यावर चढे, सगळे उभे राहत, आणि ‘मी विश्वास धरते’ असं तिनं म्हटलं की साठसत्तर माणसं पुस्तकाशिवाय, कोणी डोळे मिटून, कोणी छताकडे बघत, आपण काय काय मानतो ते एका दमात म्हणून टाकत. आकाश आणि पृथ्वी घडवणाऱ्या बापापासून सुरुवात, सार्वकालिक जीवनाशी शेवट. शेवटाकडे पायऱ्या उतराव्यात तशा छोट्या छोट्या ओळी येतात: पवित्र मंडळी, पवित्र जनांची संगती, पापांची क्षमा, देहाचे पुनरुत्थान. त्यातली ‘पापांची क्षमा’ ही पायरी ती एक्केचाळीस वर्षं गाळत आली होती. ओठ मिटायचे, मनात एक-दोन मोजायचं आणि पुढच्या पायरीवर पाय जरा जोरानं टेकायचा. मंडळीच्या गलक्यात ते कोणाच्या ध्यानात येत नसे. आणि आज गळ्यात हा माइक.

तिच्या लक्षात आलं ते असं की माइकमुळे ती एकटीच उघडी पडली नव्हती. तिचा आवाज एवढा मोठा येतोय म्हटल्यावर लोकांनी आपले आवाज खाली ठेवले होते, हातातलं ओझं दुसऱ्यानं उचलल्यावर हात खाली सोडावेत तसे. नुसते ओठ हलवत ते तिच्यामागून चालले होते. ती थांबली तसे तेही थांबले. रांगेतला पुढचा माणूस थांबला की मागचा का म्हणून विचारत नाही. म्हणजे त्या रविवारी अख्ख्या मंडळीनं पापांची क्षमा गाळली, आणि कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं असेल तर त्याचा आळ यंत्रावर गेला. उपासना सुटल्यावर दारातच वायरमन भेटला. मंडळीतलाच माणूस, पंचावन्नचा, खिशाला पेनाऐवजी टेस्टर लावणारा. ही सगळी जोडणी त्यानं सुट्टीच्या दिवशी शिडीवर चढून आपल्या हातानं केली होती. “बाई, माफ करा हं,” तो म्हणाला, “मध्येच आवाज गेला बघा. कुठंतरी तार सैल राहिलीय. पुढच्या रविवारी तर तुमच्या भाचीबाईंचा दिवस. तोवर सगळं उघडून बघतो.” ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बिघाड तारेत नाही, एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली, “बघा.” तो मान हलवून मागे वळला, आणि ती दगडी पायऱ्या उतरू लागली तेव्हा मंडळीचा कारभार बघणाऱ्यांपैकी सुतार पंचांचा चेष्टेचा आवाज तिच्या पाठीवर आला, “काय हो वायरमन, एवढा गाजावाजा केलात आणि पहिल्याच दिवशी बाईंचा घसा कापलात!” त्यावर वायरमन कसनुसा हसला असणार. ते हसणं तिला न बघता दिसलं.

घरापर्यंत वीस मिनिटांची वाट. दोन बाजूंनी बंद दुकानं, एका ठिकाणी खणलेला रस्ता, त्यावर टाकलेली फळी. एरवी ती फळी बेतानं ओलांडायची. आज पलीकडे गेल्यावर आठवलं की आपण ओलांडली. ‘बघा’ हा शब्द दाताखाली आलेल्या खड्यासारखा तोंडात होता. गुरुवारची बैठक आठवत होती. हॉलमधल्या लांब टेबलाभोवती सातजण, आणि टोकाला धाकटे पाळकसाहेब, चौतिशीचे, कॅनव्हासचे बूट घालणारे, कोणाचंही ऐकून घेताना मान वाकडी करणारे. त्यांना मतांगीकार दर रविवारी नको होता. “मुलं येऊन मला विचारतात,” ते म्हणाले, “साहेब, जे पटत नाही ते तोंडानं म्हणायचं म्हणजे खोटंच ना? मला उत्तर देता येत नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा म्हणू. किंवा आपल्याच सोप्या शब्दांत काहीतरी लिहू, पडद्यावर दाखवू. ज्याला जेवढं पटेल तेवढं त्यानं म्हणावं.” सुतार पंच म्हणाले, “साहेब, जिन्याच्या पायऱ्या कोणी रोज मोजत नाही. पण एक काढून बघा, पहिल्यांदा म्हातारी माणसं पडतील.” सगळे हसले. ती हसली नाही. ती उभी राहून बोलली, उभं राहायची गरज नव्हती तरी. “पटेल तेवढंच म्हणायचं असेल तर इथवर यायचं कशाला? घरी आरशापुढं उभं राहावं. हे शब्द आपण केलेले नाहीत म्हणूनच ते आपल्याला पेलतात. ज्याला आज एखादा जड जातो, त्याच्या वाटचा शेजारचा म्हणतो. उद्या शेजारच्याचा हा म्हणेल. मंडळी मंडळी म्हणतात ती दुसरी काय असते?” टेबलावर कोणीतरी हलकीशी थाप मारली. पाळकसाहेबांनी मान वाकडी करून, मनात काही न ठेवता विचारलं, “आणि बाई, तुम्हाला सगळं पटतं?” ती म्हणाली, “एक शब्द इकडचा तिकडे नाही.” तिथं तो विषय मिटला. तिच्यामुळेच मिटला. आता चालताना ती ते सगळं पुन्हा तपासत होती, तांदूळ निवडल्यासारखं. बोललेलं सगळं खरं होतं. शेवटचं वाक्य सोडून सगळं. आणि ते शेवटचं वाक्यसुद्धा तसं खोटं नव्हतं. तिला ते दोन शब्द पटत नव्हते असं नाही. जगातल्या सगळ्यांच्या पापांची क्षमा तिला पटत होती. एक नाव सोडून.

जिन्यावर तिसऱ्या मजल्याशी ती दम खायला थांबली. हाताखालचा कठडा गार होता, आणि त्या गारव्यानं एकदम एक्स्चेंजचा बोर्ड आठवला. तीस वर्षं ती ट्रंक एक्स्चेंजमध्ये होती. कानाला हेडफोन, पुढ्यात भोकांची ओळ, हातात तारांची टोकं, आणि दोन गावांमधली दोन माणसं तिच्या बोटांनी जोडलेली. कोणाचा बाप गेल्याचं तिला मुलाच्या आधी कळे. कोणाची सोयरीक मोडली, कोण पळून गेलं, कोण कोणाला फसवतंय. पहिल्या दिवशी मुख्य बाईंनी सांगितलं होतं, “ऐकायचं नाही. ऐकू आलं तर कानातच ठेवायचं. इथून बाहेर एक शब्द गेला तर खुर्ची गेली.” आणि तिच्या खुर्चीवरून तीस वर्षांत एक शब्द बाहेर गेला नाही. शेजारीण विचारायची, “अगं, काहीतरी सांग ना, एवढं ऐकतेस,” तर ही म्हणायची, “आमचे कान सरकारी आहेत, घरी आणत नाही.” हसायचे सगळे. पण एकदा ते कान तिनं चर्चमध्ये नेले होते. एकदाच.

धाकटा भाऊ तिच्याहून दोन वर्षांनी लहान. लहानपणी तिसऱ्या बाकावर आई, ती, तो, वडील अशी बसायची पद्धत. मतांगीकार चालू झाला की तो शब्द विसरायचा आणि तिच्या ओठांकडे बघत अर्ध्या पावलानं मागून म्हणायचा, वडील त्याच्या डोक्यावर टिचकी मारायचे, “बहिणीचं उष्टं म्हणू नकोस.” मोठा झाल्यावर तो कृत्रिम हातपाय बनवायच्या कारखान्यात लागला. लाकूड, चामडं, पुढं पुढं प्लास्टिक. त्याच्या अंगाला रोगणाचा वास असायचा आणि नखांत पांढरी पूड. माणूस आला की आधी उरलेल्या पायाचं माप घ्यायचं, मग गेलेल्याचं. तो सांगायचा, गेलेल्या पायाचं मापही माणसं बरोबर सांगतात, बोट लावून दाखवतात, इथं अंगठा होता. बत्तिसाव्या वर्षी मंडळीनं त्याला पंच निवडलं. सगळ्यांना तो आवडायचा. कोणाची खुर्ची मोडली, कोणाच्या म्हाताऱ्याला काठी हवी, हा हजर. निवड झाली त्या आठवड्यात तो तिच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता आणि म्हणाला, “ताई, सगळं म्हणेन. पण देहाचं पुनरुत्थान माझ्या तोंडून येणार नाही.” ती कणीक मळत होती. “का रे?” “परवा एक बाई आली होती. पाय मांडीपासून गेलाय. मला विचारते, वर गेल्यावर माझा मला परत मिळेल का हो, की तुमचाच घालून उठायचं? हसत होती. मी पण हसलो. मग रात्रभर… जाऊ दे. मला माहीत नाही गं. आणि माहीत नाही ते लोकांपुढं एकट्यानं उभं राहून म्हणायचं? मंडळीत उभा असतो तेव्हा सगळ्यांबरोबर जातं निघून. एकट्यानं नाही जमणार.” ती म्हणाली, “म्हणून टाक रे. म्हणता म्हणता पटतं.” तो म्हणाला, “पाय घालता घालता पाय होत नाही, ताई.”

या चर्चची एक जुनी रीत होती, अजूनही आहे. मंडळीत नव्यानं यायचं असो की पंच व्हायचं असो, माणसानं पुढं उभं राहून मतांगीकार एकट्यानं, पुस्तक न बघता म्हणायचा. त्याच्या शेजारी एक ऐकणारा उभा राहतो. शेवटी त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, “मी ऐकलं.” ते म्हटल्याशिवाय नाव पटावर चढत नाही. त्या वर्षी ऐकणारे होते जुने चिटणीस, एका कानानं बहिरे, आणि ते नेमके बहिरा कान तिच्या भावाकडे करून उभे होते. भावानं ती ओळ सोडली. नुसती थांबून, खाली बघून, पुढची म्हटली. चिटणीस म्हणाले, “मी ऐकलं.” लोक बसले. भाऊ बाकावर येऊन तिच्याशेजारी बसला तेव्हा त्याच्या मानेवर घाम होता आणि चेहरा असा मोकळा, जसा लहानपणी नदीत डुंबून वर आल्यावर असायचा. तिथं संपलं असतं. दोन दिवसांनी तेव्हाच्या थोरल्या पाळकसाहेबांनी तिला आतल्या खोलीत बोलावलं. उंच, हाडकुळे, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी विचारलं, “बाई, मला शंका आली म्हणून विचारतो. तुमच्या भावानं सगळं म्हटलं का?” टेबलावर पेल्यात पाणी होतं, पेल्यावर झाकण होतं. ती त्या झाकणाकडे बघत म्हणाली, “एक ओळ नाही म्हटली.”

पुढं कितीदा तिनं स्वतःला समजावलं की विचारलं म्हणून सांगितलं, खोटं कसं बोलणार. पण एक्स्चेंजमध्ये ती रोज न सांगता राहायची आणि ते खोटं नव्हतं. ‘मला नीट ऐकू आलं नाही’ म्हणाली असती, तर कोणाचं काय जाणार होतं? खरी गोष्ट त्या झाकणाखाली होती, आणि ती उचलून बघायला तिला बरीच वर्षं लागली. तिला सगळं पाठ होतं. सगळं पटत होतं. रविवारची शाळा तिची, आजाऱ्यांच्या भेटी तिच्या. आणि बाईमाणूस म्हणून तेव्हा तिला पंच करायचं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. ज्याला एक ओळ गिळवत नव्हती त्याच्या गळ्यात हार पडला होता. ती झाकणाकडे बघत होती तेव्हा तिच्या मनात सत्य नव्हतं, तो हार होता. भावाला बोलावलं. त्यानं काहीही नाकारलं नाही. पंचपद गेलं, आणि त्यानं हट्टानं ‘नाहीच म्हणणार’ म्हटल्यावर पटावरचं नावही गेलं. भावजय सहा वर्षांच्या पोरीचा हात धरून त्याच्यामागून निघून गेली. जुन्या चिटणिसांना सांगण्यात आलं की आता आराम करा. आणि थोरले पाळकसाहेब तिला म्हणाले, “इतकं नीट ऐकणारं दुसरं आहे कोण? आता तुम्हीच मतांगीकार सांगा, तुम्हीच ऐका.” पुढच्या रविवारी ती पहिल्यांदा चौथऱ्यावर चढली. पवित्र जनांची संगती, तिनं म्हटलं, आणि पुढचे दोन शब्द घशातच राहिले, दार बाहेरून लावल्यासारखे.

भावानं कधी विचारलं नाही, कोणी सांगितलं म्हणून. उलट दर रविवारी स्कूटरवरून तिला फाटकापर्यंत सोडायचा आणि बाहेर कठड्यावर पेपर वाचत बसायचा. एकदा ती उतरताना म्हणाला, “ताई, ती माझी ओळ म्हणतेस ना गं?” “म्हणते की.” “मग माझ्या वाटचीही म्हणत जा. जोरात म्हण.” तेव्हापासून देहाचे पुनरुत्थान ती दोघांच्या आवाजात म्हणत आली. आठ वर्षांपूर्वी तो गेला. पटावर नाव नाही, म्हणून त्याच्या मातीला चर्चमधून कोणी आलं नाही. ती ओळ तिनं एकटीनंच म्हटली, आणि स्वतःची तिथंही म्हटली नाही.

बुधवारी दुपारी भाची आली. आता सत्तेचाळीसची, दातांच्या कवळ्या बनवायची तिची छोटी प्रयोगशाळा होती, बापाचाच धंदा लहान मापात. आत्याची कवळीही तिच्याच हातची. एक वर्षापूर्वी एका रविवारी ती आपणहून येऊन तिसऱ्या बाकावर बसली होती. का आलीस असं आत्यानं विचारलं नव्हतं, तीच एकदा म्हणाली, “बाबा बाहेर बसायचे ना, तिथंच किती वर्षं बसायचं आपण.” आता येत्या रविवारी तिचं नाव पटावर चढणार होतं, आणि ऐकायला शेजारी आत्या. “चल, आत्या, घे परीक्षा,” ती खुर्ची ओढून म्हणाली. “पण पाट्या टाकल्यासारखं म्हणेन, हसू नकोस. मी पुस्तकातून नाही केलं पाठ. दिवसभर बारीक काम करून डोळ्यांचं पाणी होतं. दर रविवारी तुझं ऐकून ऐकूनच बसलंय.” आणि ती म्हणू लागली. आवाज बापाचा होता, खर्जातला. तोच ठेका, तेच थांबे, इतकी वर्षं चौथऱ्यावरून जे ती म्हणत आली ते सगळं समोर खुर्चीत बसून तिच्याकडे परत येत होतं. पवित्र मंडळी. पवित्र जनांची संगती. भाचीनं ओठ मिटले, नाकानं एक श्वास घेतला, एक-दोन मोजण्याएवढा, आणि जरा जोरात पुढची ओळ उचलली.

“थांब,” आत्या म्हणाली. “एक राहिलं.”

“काय?”

“पापांची क्षमा. संगतीनंतर.”

“ते माहितीय की मला. पण ते आपण नाही ना म्हणायचं? तू थांबतेस, लोक म्हणतात. मला वाटलं तिथं त्यांची पाळी असते. आपण म्हणायचं आणि मग थांबायचं, दुसऱ्यानं ते आपल्याला म्हणायचं.” भाची हसली. “मला तर ती जागा सगळ्यात आवडली होती.”

गॅसवर चहा उकळत होता. तो वर येतोय हे तिला दिसत होतं आणि हात पुढं जात नव्हता. भाचीनंच उठून गॅस बारीक केला. “तसं नसतं,” आत्या म्हणाली. “सगळं आपणच म्हणायचं असतं.” “मग तू का नाही म्हणत?” “माझा घसा बसतो गं.” भाचीनं चहा गाळता गाळता तिच्याकडे वळून बघितलं. दिवसभर लोकांच्या तोंडांचे साचे बघणारी बाई ती. “आत्या,” ती म्हणाली, “घसा दर रविवारी त्याच शब्दाला बसतो होय?” आत्यानं कपबशी पुढं ओढली. बशी टेबलावर वाजली. यापुढं भाची काही बोलली नाही, बाप जसा बोलला नसता तशीच. जाताना जिन्यावरून म्हणाली, “रविवारी माझं काही चुकलं तर सांभाळून घे हं.” दार लावल्यावर ती बराच वेळ कडी धरून उभी राहिली. ज्याला तिनं एका ओळीसाठी बाहेर काढलं, त्याच्या पोरीच्या तोंडात तिनं आपलं भोक पाडून ठेवलं होतं. आणि तेच भोक त्या पोरीला सगळ्यात आवडलं होतं.

गुरुवार, शुक्रवार तिनं घर आवरण्यात घालवले. आवरलेलं पुन्हा आवरलं. भांडी घासताना ते दोन शब्द म्हणून बघावेत असं मनात येई. नळ सोडून, कोणी नाही असं बघून ती तोंड उघडी, आणि ‘पापांची’ येई, पुढचा शब्द येत नसे. खिडकीत उभं राहिलं की समोरच्या इमारतीवर रंगारी दोर लावून लोंबत रंग देत होते, आणि तिला वाटे, सांगावं तरी कोणाला? पाळकसाहेबांना सांगितलं तर ते मान वाकडी करून म्हणतील, बाई, म्हणूनच तर मी म्हणतो, ज्याला जेवढं पटेल तेवढं. आणि तिच्याच तोंडानं मतांगीकार जाईल. भाचीला सांगितलं तर भाची जाईल. बापाला बाहेर काढणारा माणूस तिला अजून माहीत नव्हता; थोरले पाळकसाहेब, नाहीतर ते बहिरे चिटणीस, असं काहीतरी ती धरून चालली होती. एक वर्ष ती दर बुधवारी येत होती. एक वर्षात या घराला पुन्हा कोणाच्या चपलांचा आवाज लागला होता. गप्प राहिलं तर काहीच जाणार नव्हतं. भाची दोन शब्द घालून म्हणेल, ती ‘मी ऐकलं’ म्हणेल, संपलं.

शनिवारी फुलं ठेवायला ती चर्चमध्ये गेली तर मधल्या वाटेवर वायरमन मांडी घालून बसला होता आणि त्याच्याभोवती सगळं यंत्र उघडून पसरलेलं होतं. पत्र्याची झाकणं, तारांची वेटोळी, एका रुमालावर ओळीनं मांडलेले स्क्रू. “तीन दिवस झाले, बाई,” तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. “सगळं तपासलं. कुठं काही सापडत नाही. पंच म्हणतात, दुसऱ्या माणसाला बोलवू. बरोबर आहे त्यांचं. पण मला एक कळत नाही. बिघाड असता तर घरघरही गेली असती ना? आवाज गेला आणि घरघर राहिली. म्हणजे तार चालू होती.” तो तिच्याकडे बघत नव्हता, हातातल्या तारेकडे बघत होता. ती फुलं घेऊन उभी होती. देठांचं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. “उद्या नीट होईल,” ती म्हणाली. “तुमच्या तोंडात साखर,” तो म्हणाला आणि पुन्हा स्क्रू उचलू लागला.

रविवारी भाचीनं फिकट निळी साडी नेसली होती आणि हातांना कामाची पांढरी पूड कुठं राहिलीय का ते पुन्हा पुन्हा बघत होती. प्रवचन झालं. पाळकसाहेबांनी बोलावल्यावर ती पुढं येऊन उभी राहिली, आत्या तिच्या डावीकडे, दोघींच्या मध्ये उंच दांड्यावर माइक. वायरमन बाजूच्या भिंतीशी आपल्या बटणांजवळ स्टुलावर बसला होता, पाठ ताठ. भाचीनं सुरुवात केली. मी विश्वास धरते. खर्जातला आवाज छताला लागून खाली आला, आणि तिसऱ्या बाकावरची भावाची रिकामी जागा आत्याच्या डोळ्यांपुढं भरली. एक एक ओळ येत होती, जात होती. तिनं आपल्या उजव्या कानावर सगळं लक्ष एकवटलं, हेडफोन लावून बसायची तसं. पवित्र मंडळी. पवित्र जनांची संगती.

भाचीनं ओठ मिटले. नाकानं श्वास घेतला.

तो वर्षभराच्या सवयीनं घेतला की मुद्दाम, ते आत्याला तेव्हा कळलं नाही आणि पुढंही तिनं कधी विचारलं नाही. पण या खेपेला भाची पुढं गेली नाही. थांबली. माइकमधून घूं अशी घरघर येऊ लागली. कोणी खोकलं नाही. एक, दोन, तीन, चार. बाकावर कोणीतरी पाय हलवला. पाळकसाहेबांनी मान वाकडी केली. तिला एकदम स्वच्छ दिसलं की ती कुठं उभी आहे. बहिऱ्या चिटणिसांच्या जागेवर उभी आहे. ‘मी ऐकलं’ म्हणून टाकलं तर सगळे बसतील. आणि त्याच वेळी आतल्या खोलीत पेल्याच्या झाकणापुढंही उभी आहे. ‘एक राहिलं’ म्हटलं तरी चालेल, तेही खरंच असेल. दोन्ही वाक्यं तिला पाठ होती. तेवढ्यात भिंतीजवळ स्टूल सरकलं. वायरमन उठला होता आणि पांढऱ्याफटक चेहऱ्यानं वाकून तारांकडे निघाला होता.

“बसा हो,” ती म्हणाली. आवाज चारही कोपऱ्यांतून आला. “बसा. तुमची तार चांगली आहे. बिघाड माझा आहे.”

तो अर्धवट वाकलेला तसाच राहिला.

“मागच्या रविवारीही माझाच होता,” ती म्हणाली. “हिचे वडील इथंच उभे होते. त्यांनी एक ओळ सोडली. मी समोरच्या बाकावर होते. मी जाऊन सांगितलं.” तिला वाटलं होतं की इथं काहीतरी कोसळेल, घरघर तेवढी चालू होती. “तेव्हापासून मी पण एक सोडत आले. एक्केचाळीस वर्षं. माझं कोणी सांगितलं नाही. माझ्या शेजारी माझ्यासारखी बहीण नव्हती.”

भाचीकडे बघायची तिची छाती झाली नाही. निळ्या साडीचा काठ दिसत होता, आणि एक हात, त्याचं बोट अंगठ्याच्या नखावर फिरत होतं, पूड खरवडल्यासारखं. मग तेही थांबलं. आता ही वळेल आणि मधल्या वाटेनं चालत जाईल. फाटकाबाहेर तो कठडा अजून आहे. तिनं तोंड उघडलं. पहिला शब्द आला. दुसरा वर यायला इतका वेळ लागला की मागच्या बाकावरच्या सुतार पंचांनी पुढच्या बाकाची कड घट्ट धरली, असं त्यांनी नंतर सांगितलं.

“पापांची क्षमा,” ती म्हणाली. फाटलेला, घोगरा, कोणाही म्हातारीचा असावा तसा तो आवाज होता.

भिंतीजवळ वायरमन हळूच स्टुलावर टेकला.

“ऐकलं,” भाची म्हणाली.

एवढंच म्हणाली. चेहऱ्यावर काय होतं ते शेजारून दिसत नव्हतं. मग तिनं मान वर केली आणि तेच दोन शब्द स्वतः म्हटले, सावकाश, नव्या कवळीनं पहिला घास चावावा तसे. आता तिच्या बापाची ओळ आली होती. इतकी वर्षं ती ओळ जोरात उचलायच्या सवयीनं आत्याचं तोंड आपोआप उघडलं, पण तिनं ओठ मिटून घेतले. ती ऐकणारी होती. शेजारी खर्जातल्या आवाजानं श्वास घेतला, आणि ती कान देऊन उभी राहिली.